अवंतीचं कोपर

माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर
१८ मे २०२५

ति. शामलावन्सं,

नमस्कार डाव्या हाताचा घ्या, उजवा मोडलाय. अक्षर असं वेडंवाकडं येतंय ते त्यामुळे, घाबरून नव्हे. घाबरले आहे ते वेगळं.

विसरला असाल तर सांगते, मी मंदा, तुमच्या कान्होजीची बायको. चौदा वर्षांपूर्वी सुट्टीत आमच्याकडे राहिलेल्या तुमच्या अवंतिकेचं कोपर मोडलं, प्लास्टर निघाल्यावर मी त्याला तेल चोळलं, आणि तो हात पुरता सरळ झाला नाही तो नाहीच. तेव्हापासून तुम्ही ना मला बोलावलंत, ना सख्ख्या भावाला. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मी ते उकरून काढायला लिहीत नाही. हात मोडलाय, कळवावं म्हटलं.

फोन तुम्ही उचलणार नाही, माझा नंबर केव्हाच बंद करून टाकलाय तुम्ही. पण उभी नोकरी पोस्टात केलेली बाई आलेलं पत्र न वाचता टाकणार नाही, एवढी मी तुम्हाला ओळखते. बडोद्याच्या उकाड्यात पंख्याखाली बसून, चष्मा लावून, आधी पाकिटावरचा शिक्का नीट उमटलाय की नाही ते बघाल आणि मग वाचाल.

तर झालं असं. बुधवारी सकाळी कूलरमध्ये पाणी भरायला गच्चीवर गेले. इथं पारा पंचेचाळिसाला टेकलाय, कूलर दिवसातून दोनदा पाणी पितो. हे म्हणत होते मी भरतो, पण ह्यांनी भरलं की निम्मं पाणी खालच्या दुकानाच्या पाटीवर जातं. प्लास्टिकच्या स्टुलावर चढले, पाइप निसटला, तो धरायला वाकले आणि स्टूल एकीकडे, मी एकीकडे. पडणारा माणूस हात पुढे करतो, तसा मीही केला. मनगटातून आवाज आला. बघते तो मनगटाच्या वर उंचवटा आणि पुढे खोलगा, जेवायच्या काट्याला असतो तसा बाक.

माझे आबा, जगदेवराव, तालमीत चाळीस वर्षं लोकांची हाडं बांधत आले हे तुम्हाला ठाऊकच आहे. मैदालकडीचा लेप, बांबूच्या कामट्या, वर सुती पट्टी. पाढे पाठ व्हायच्या आधी मी आमच्या अंगणात मोडलेली मनगटं बघितली आहेत. त्यामुळे काय झालंय ते मला खाली बसल्याबसल्याच कळलं. हे धापा टाकत वर आले आणि जरा ओढून बघू का म्हणाले. मी म्हटलं, हात लावाल तर याद राखा.

पहिलं काम म्हणजे बांगड्या उतरवल्या. साबणाच्या पाण्यानं एकेक करून. सूज चढली की त्याच बांगड्या मनगटाला काचतात आणि मग कापाव्या लागतात. अंगठीही काढली. मग ह्यांचं एक जाड मासिक मनगटाखाली गुंडाळलं, ह्यांचे बँकेतले दोन टाय वरून बांधायला लावले, फार आवळून नाही, आणि ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवला. ते टाय निवृत्तीनंतर पहिल्यांदा कामी आले. मरून रंग तुला शोभतो, असं हे ऑटोत म्हणाले. मला हसू येत होतं आणि दुखत होतं, दोन्ही एकदम.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो. हाडाचा फोटो काढला. मोठ्या डॉक्टरांनी मासिक आणि टाय उलगडून बघितले आणि विचारलं, हे कुणी बांधलं, छान बांधलंय. ह्यांनी लगेच छाती पुढे काढली. मनगटात सुई देऊन जागा बधिर केली. एकानं माझा दंड धरून ठेवला, दुसऱ्यानं बोटं आणि अंगठा धरून ओढलं, हाड अंगठ्यानं जागेवर दाबलं आणि ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. ते सुकताना चांगलं गरम होतं, मला माहीत नव्हतं. सहा आठवडे ठेवायचंय. हात उशीवर उंच ठेवायचा, बोटं सारखी हलवत राहायची, बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर तडक निघून यायचं. आत सुई घालून खाजवायचं नाही, हे दोनदा सांगितलं.

दुसऱ्यानं ओढलं असं लिहिलंय खरं. ओढणारं कोण होतं ते आज लिहीत नाही. डावा हात दमला.

तुमची,
मंदा


माधवगंज
२७ मे २०२५

ति. वन्सं,

नऊ दिवस झाले. तुमचं उत्तर नाही, हे मी धरूनच चालले होते. पण गेल्या पत्रात एक गोष्ट राखून ठेवली आणि ती मला जेवू देत नाही.

ओढणारी तुमची अवंती होती.

आता पत्र खाली ठेवून तिला फोन लावू नका, आधी पुरतं वाचा. तिची काही चूक नाही. दीड वर्ष झालं, ती इथं हाडांची डॉक्टरकी शिकतेय, आमच्या घरापासून तीन किलोमीटरवर, आणि आम्हाला पत्ता नाही. प्रवेश ग्वाल्हेरला मिळाला तेव्हा तुम्ही तिला बजावलंत म्हणे, माधवगंजात पाऊल टाकायचं नाही. तिनं ते पाळलं. फक्त आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो कचोरीवाला आहे ना, तिथवर येऊन जायची, कारण तो माधवगंजात मोडत नाही असं तिनं स्वतःच ठरवलं होतं. दरारा तुमचा अजून तसाच आहे, आणि पळवाट काढायची तऱ्हा आमच्या ह्यांची आहे.

मी तिला चेहऱ्यावरून ओळखलं नाही. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, उंची ताडमाड. मला खाटेवर निजवलं होतं. दंड धरायला एक जण उभा राहिला, आणि ही माझ्या बोटांशी आली. ओढणारा माणूस दोन्ही हात ताठ करतो, आबांना मी हजार वेळा बघितलंय. हिचा उजवा ताठ झाला आणि डावा झाला नाही. कोपरात थोडा वाकलेलाच राहिला. मग तिनं पाय रोवले आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. स्वतःची युक्ती शोधून काढलीय तिनं.

वन्सं, ते कोपर मी कुठंही ओळखीन. दुखणं कुठच्या कुठं गेलं. मी म्हटलं, "अवंती?"

तिनं ओढ सैल सोडली नाही. म्हणाली, "मामी, आत्ता हलू नका. हाड बसून राहिलंय."

तेवढंच. मग प्लास्टर पुरतं होईपर्यंत ती डॉक्टर आणि मी पेशंट. सुकल्यावर तिनं मास्क खाली घेतला. तुमचंच नाक आहे. म्हणाली, केसपेपरवर नाव वाचलं, सर दुसऱ्याला सांगत होते, तर मीच म्हटलं, "सर, ये मैं करूँगी." आणि मग ती माझ्या खाटेवर बसली आणि आम्ही दोघी रडलो. हे मागं उभे होते. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचायला लागले. बराच वेळ वाचत होते.

शेजारच्या खाटेवर इथल्या पडाव भागातला एक ऑटोवाला होता. त्याची नडगी फुटून बाहेर आलेली, जखम उघडी, म्हणून आत सळी न घालता पायाच्या बाहेरून लोखंडी दांडी लावलीय, चार खिळे हाडात आणि दांडी वर. त्यानं त्या दांडीवर आपला गमछा वाळत टाकला होता. तो काळजीनं म्हणाला, "डॉक्टर साहिबा, आप क्यों रो रही हैं? माताजी का हाथ तो सीधा हो गया." त्यावर सगळी खोली हसली, आम्हीही.

मी तिला विचारलं, बाळा, ह्या कोपरामुळे का गं तू हाडांकडे वळलीस? मला वाटलं होतं, हो म्हणेल. म्हणाली, नाही मामी, मार्कच तेवढे पडले.

आता मुद्द्याचं. तिनं सांगितलं की एप्रिलमध्ये साखरपुडा झाला. मुलगा पुष्कर, तिच्याच हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. सासर इथलंच, दौलतगंजातलं, पण लग्न बडोद्याला, सत्तावीस नोव्हेंबरला. आनंद झाला, वन्सं, मनापासून. मग ती खाली बघून म्हणाली की मामा म्हणून पाठीशी उभं राहायला तुम्ही देवासच्या संग्रामसिंहांना सांगितलंय. चुलत-मावस कुठला तरी भाऊ. तिचा सख्खा मामा तिच्यासमोर उभा होता आणि तक्ता वाचत होता.

मुलीला हात धरून बोहल्यावर मामानं आणायचं असतं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं. ह्यांना एकच बहीण आणि एकच भाची. ती निघताना म्हणाली, आईला सांगू नका हं, भेटलो म्हणून. मी म्हटलं, तुझ्या आईपासून मी पुन्हा काही लपवणार नाही. "फिर तो मैं गई," म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सरळ घरी आली जेवायला. आता रोज येते. दोन पोळ्या जास्त लागतात. पोळ्या हे करतात, त्यामुळे त्यांना पोळ्या म्हणायचं का हा प्रश्न आहे, पण ती खाते.

पुन्हा काही लपवणार नाही असं म्हटलंय, त्यातला 'पुन्हा' तुमच्या नजरेतून सुटला नसेल. ते पुढच्या पत्रात.

मंदा


माधवगंज
१२ जून २०२५

ति. वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. "दोन्ही पत्रे पोचली. शामला." पोस्टातल्या छापील पावतीवरही याहून जास्त मजकूर असतो. पण ह्यांनी ते सात वेळा वाचलं आणि खिशात घालून बाजारात घेऊन गेले. भाजीवालीला दाखवलं असेल तर मला आश्चर्य वाटायचं नाही.

आता ऐका. २०११ साली अवंती आमच्या गल्लीत सायकलवरून पडली, हे खरं. पडावजवळच्या डॉक्टरांनी तिला भूल देऊन कोपर बसवलं, दोन तारा घातल्या, प्लास्टर केलं, हेही खरं. तुम्ही रजा घेऊन आलात, आठ दिवस राहिलात आणि माझ्या भरवशावर तिला ठेवून नोकरीवर परत गेलात. प्लास्टर निघाल्यावर मी तेल चोळलं. पुढं बडोद्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, मालिश कुणी केली? तुम्ही मला फोन केलात आणि मी सांगितलं, इथल्या डॉक्टरांनीच करायला सांगितली होती.

ते खोटं होतं.

डॉक्टरांनी प्लास्टर काढून जो कागद दिला, त्यावर हिंदीत लिहिलं होतं, मालिश न करें. खाली दोन रेघा. तो कागद मी वाचला, घडी केली आणि माझ्या साड्यांच्या कपाटात, खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवला. चौदा वर्षं तिथंच होता. दर दिवाळीला वर्तमानपत्र बदलताना मी तो उचलायचे आणि पुन्हा ठेवायचे. या पाकिटात घातलाय, बघा.

तुम्हाला ते पटलं नाही. तुम्ही ह्यांच्याशी भांडलात तेव्हा हे म्हणाले होते, मंदा खोटं बोलणार नाही. तुम्ही म्हणालात, मग बायकोलाच घेऊन बस. भाऊबीज तुटली ती त्या वाक्यावर, आणि ते वाक्य माझ्या खोट्यावर उभं होतं.

हे सगळं मी शुक्रवारी ह्यांना सांगितलं. कागद समोर ठेवला. ह्यांनी चष्मा पुसला, वाचला आणि म्हणाले, "मी तिच्याशी तुझ्या बाजूनं भांडलो, मंदा." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग दोन दिवस एक शब्द बोलले नाहीत. पण वन्सं, हात प्लास्टरमध्ये असल्यापासून माझी वेणी हे घालतात. एरवी घालताना बडबडत असतात, इकडची बट तिकडे, केस किती गळतात. त्या दोन दिवसांत एक शब्द नाही, तरी सकाळी सातला कंगवा घेऊन मागे येऊन बसायचे आणि वेणी घालून उठून जायचे. तिसऱ्या दिवशी रबर लावता लावता म्हणाले, तिला लिहून टाक, सगळं. मी म्हटलं, लिहिते. म्हणून हे पत्र.

तुमच्या भावाची काही चूक नव्हती. राग धरायचा तर माझ्यावर धरा, ह्यांच्यावर नको.

मंदा


माधवगंज
३० जून २०२५

ति. वन्सं,

हे पत्र उजव्या हातानं लिहितेय. डाव्याचं अक्षर बरं होतं असं वाटेल, पण वाचा. बुधवारी प्लास्टर निघालं.

काढायला एक छोटी गोल करवत असते, इतका आवाज करते की मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. अवंतीनं ती आधी आपल्या तळहाताला लावून दाखवली. ती फिरत नाही, नुसती थरथरते, कडक प्लास्टर चिरते आणि मऊ कातडीला काही करत नाही. आतून हात निघाला तो माझा वाटेना, बारीक, पापुद्रे सुटलेला. आणि मनगट वळेना. पाण्याचा तांब्या उचलता येईना. सहा आठवड्यांत एवढं होतं, तर बारा वर्षांच्या पोरीला काय वाटलं असेल, ते मला त्या बुधवारी पहिल्यांदा नीट कळलं.

कोमट पाण्यात हात बुडवून स्पंज दाबायचा, तळवा वर-खाली करायचा, बोटं टेबलावर चालवायची. दिवसातून सहा वेळा, दुखेल तिथवर आणि त्याच्या पलीकडे नाही. अवंती समोर बसून करून घेते. पहिल्याच दिवशी म्हणाली, मामी, मालिश नाही. मी म्हटलं, मी कुठं काय म्हटलं? म्हणाली, "पण तेलाच्या बाटलीकडे बघून राहिलात ना." आम्ही दोघी इतक्या हसलो की हे स्वैपाकघरातून पिठाच्या हातानं बघायला आले.

मग तिनं मोबाइलवर आपल्याच कोपराचा जुना फोटो दाखवला. दुखावलेल्या सांध्याला चोळलं की तिथल्या स्नायूतच हाड तयार व्हायला लागतं. नको तिथं एक ढगासारखा पांढरा डाग आहे, तोच तिचा हात अडवतो. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, कोपर हट्टीच असतं, मालिश न करताही थोडं राहिलं असतं कदाचित, सगळं तुमच्या माथी नाही. पोरगी गोड आहे. पण ती सूट मी घेत नाही.

कारण अजून एक राहिलंय, वन्सं. शेवटचं.

तुम्ही सगळे समजत आलात की मी हे आबांच्या विद्येच्या अभिमानापायी केलं. मीही तसंच समजू दिलं. पण आबा कोपराला कधी हात लावत नसत. मनगट, घोटा, बरगडी, खांदा, सगळं बांधायचे, आणि कोपर आलं की म्हणायचे, डॉक्टरकडे जा बाबा, हे माझं काम नाही, कोपर चिडतं. मला ते माहीत होतं. कागदाच्याही आधी माहीत होतं.

तरी केलं. रोज दुपारी चार वाजता अवंती माझ्या मांडीवर हात टाकून बसायची आणि बोलत सुटायची. तुमच्या पोस्टातल्या गमती, तिच्या बाई, कुठल्या मैत्रिणीनं कट्टी केली, सगळं. केसांचा वास यायचा तिच्या. वन्सं, मला मूल नाही. तो तास माझा होता. कधी दुखलं की ती म्हणायची, मामी, बस ना, आणि मी म्हणायचे, आणखी पाच मिनिटं. ती पाच मिनिटं हातासाठी नव्हती, माझ्यासाठी होती. वीस दिवस मी तुमच्या लेकीचा हात माझ्या सुखासाठी चोळला. हे मी कालपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं, ह्यांनाही नाही. काल अवंतीला सांगितलं. आपला डावा हात तिनं माझ्या मांडीवर ठेवला आणि पुष्करच्या आईबद्दल बोलायला लागली, तासभर. दौलतगंजात ज्यांना ज्यांना ती ओळखते, त्या सगळ्यांबद्दल.

आता मागणं. ह्यांना मांडवात उभं राहू द्या. नवा फेटा आणून ठेवलाय ह्यांनी, न विचारता, कपाटात लपवून. मला येऊ नको म्हणालात तर मी येणार नाही. मी इथं राहीन आणि अवंतीनं फोटो पाठवले की बघीन. रागावून नव्हे. ते मला पटेल.

मंदा


माधवगंज
१६ जुलै २०२५

ति. वन्सं,

तुमचं रजिस्टर पत्र काल आलं, पोचपावतीसकट. पावतीवर सही करून हे दारातच उभ्याउभ्या पाकीट फोडायला लागले, तेव्हा पोस्टमन म्हणाला, बाबूजी, बैठ जाइए.

चार पानं. त्यातली तीन मला रागवायला. एकही ओळ गाळली नाही मी, ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. "मुलीच्या कोपरापेक्षा मला तुझ्या खोटेपणाचा त्रास झाला", हे बरोबर आहे. "माझ्या भावाला तू चौदा वर्षं माझ्याविरुद्ध उभं केलंस", हेही बरोबर आहे. "पोळ्या त्याच्याकडून करून घेतेस, लाज वाटत नाही?" यावर मात्र माझं म्हणणं असं की आता त्या गोल होतात. काल अवंतीनं पुष्करला जेवायला आणलं तेव्हा त्यानं पाच खाल्ल्या आणि कुणी केल्या ते विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

आणि मग चौथं पान. ते मी मोठ्यानं वाचू शकले नाही, ह्यांनी वाचलं.

"संग्रामसिंहाला मी कळवले आहे. कान्होजीने पंचवीस तारखेलाच हजर व्हावे. मुलीला बोहल्यावर त्यानेच आणायचे. फेटा लाल असावा."

वन्सं, फेटा लालच आहे. हे उठून आत गेले, तो घालून आले आणि ह्या उकाड्यात तासभर तसेच बसून राहिले.

"मी तुला क्षमा केली असे समजू नकोस. ते लग्न पार पडल्यावर बघू. पण हळदीच्या आधी मुलीला तेल चढवायचे असते. पहिली सवाष्ण म्हणून तू बसायचेस. सुरुवात डाव्या कोपरापासून. मी समोर असेन."

हे वाचून झाल्यावर ह्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्याकडे दिला. संध्याकाळी अवंती आली, तिला दाखवला. तिनं आधी पुन्हा पुन्हा वाचला, मग डोळे पुसले, मग डॉक्टर झाली. म्हणाली, तेलवण चालेल, मामी, पण दोन थेंब. लावायचं, चोळायचं नाही. मी म्हटलं, बरं.

तेव्हा एका कागदावर नको म्हणून लिहिलेलं असताना मी त्या कोपराला तेल लावलं आणि तो कागद लपवला. आता लाव म्हणून तुमच्या हातचं लिहिलेलं माझ्याजवळ आहे. हा कागद मी देवघरात ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. दोनच थेंब लावीन, वन्सं, तुमच्यासमोर, सगळ्या मांडवाच्या देखत. पाच मिनिटं काय, एक मिनिटही जास्त घेणार नाही.

आम्ही येतो. दोघंही.

तुमची,
मंदा